सीसीएनएसाठी पुस्तक कुठलं घेऊ? घरात जुनं आहे ते चालतंय काय?

खानापूरचा_पोरगा

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातला, मागच्या वर्षी बीसीए झालं, सध्या बेळगावात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे, म्हणजे नाव कॉम्प्युटरचं पण दिवसभर सीसीटीव्ही बसवणं, शिडीवर चढून केबल ओढणं, क्रिम्पिंग करणं आणि लोकांच्या घरात वायफाय येईना झालं की जाऊन राउटर बंद-चालू करून येणं हेच चाललंय. पुण्यातला आतेभाऊ म्हणतोय सीसीएनए कर, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्कची परीक्षा, मग नेटवर्कच्या नोकरीला निदान अर्ज तरी उघडून बघतात. म्हणून आता मनावर घेतलोय.

आता प्रॉब्लेम काय झालाय, आतेभावानं स्वतःचं जुनं पुस्तक दिलंय, २००-१२५ असा परीक्षेचा नंबर वर लिहिलाय, लई जाड आहे, पेन्सिलीनं खुणा पण केलेल्या आहेत. दुसरं, ऑनलाईन बघितलो तर आता २००-३०१ चालू आहे म्हणे आणि त्याचं ऑफिशियल गाईड दोन भागांत आहे, दोन्ही घ्यायचं म्हटलं तर माझ्या पगाराला भोक पडतंय. तिसरं, हिकडं एका क्लासवाल्याकडं चौकशीला गेलतो, तो म्हणाला पुस्तक-बिस्तक काही नको, मी पीडीएफ देतो, त्यातलेच प्रश्न येतात, महिनाभर पाठ कर आणि जाऊन दे. त्याची फी पुस्तकांपेक्षा जास्त आहे ते वेगळंच.

माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्लिश वाचता येतंय पण एक पान वाचायला अर्धा तास जातोय. तर नेमकं काय घेऊ ते सांगा की. जुन्या पुस्तकावर भागतंय काय? खर्च एकदाच करणार, दोनदा जमायचं नाही.


तिसरं_गेट

बेळगावचाच, आता बेंगळुरात १२ वर्षं झाली, नेटवर्कमध्येच. सरळ सांगतो, राग मानू नको.

पुस्तक घ्यायच्या आधी सिस्कोच्या साईटवर जाऊन परीक्षेच्या टॉपिकची यादी उतरवून घे. फुकट आहे, थोडकी पानं आहेत, प्रिंट काढ आणि भिंतीला लाव. निम्मी पोरं ही यादी बघतच नाहीत आणि हजार पानांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसतात, मग तिसऱ्या धड्यात झोप. २००-३०१ ही २४ फेब्रुवारी २०२० ला आली, आणि २० ऑगस्ट २०२४ पासून तिचीच १.१ आवृत्ती आहे. नंबर तोच राहिला म्हणून लोक फसतात, २०२० सालचं पुस्तक पण २००-३०१ चंच असतंय. तर घेताना नंबर आणि आवृत्ती दोन्ही बघायचं, आणि फी भरायच्या आदल्या दिवशी साईटवर परत एकदा बघायचं की काही बदललं नाही ना.

यादीत सहा भाग आहेत. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस म्हणजे स्विचिंग, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क), वायरलेस हे २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०. आता यात एक गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नव्हती आणि सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं क्रियापद बघ. कुठं ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’ लिहिलंय, कुठं ‘डिस्क्राईब’, कुठं ‘एक्स्प्लेन’, कुठं ‘कम्पेअर’. ‘कॉन्फिगर’ लिहिलंय म्हणजे हातानं कमांड टाकता आली पाहिजे, झोपेतनं उठवलं तरी. ‘डिस्क्राईब’ आहे म्हणजे ते काय आहे, कशाला आहे, एवढं कळलं की साकु. उदाहरण देतो. एका एरियाचं ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत, ‘कॉन्फिगर’मध्ये आहे. गेटवे दोन ठेवून एक पडला तर दुसरा उचलतो ते एचएसआरपी वगैरे, ते फक्त ‘डिस्क्राईब’मध्ये. तुझ्या आतेभावाच्या पुस्तकात एचएसआरपीच्या कमांडची पानंच्या पानं असतील, कारण २००-१२५ ला ते कॉन्फिगर करायला यायचं. तू ते पाठ करत बसशील आणि परीक्षेत कुणी विचारणार नाही.

आता जुन्या पुस्तकाचं. फेकू नको. ओएसआय, टीसीपी आणि यूडीपी, इथरनेट, सबनेटिंग (एका नेटवर्कच्या लहान पट्ट्या पाडणं), व्हीलॅन, ट्रंक, स्टॅटिक राउट, ओएसपीएफचं मूळ, अ‍ॅक्सेस लिस्ट, नॅट, आयपीव्ही६ चा पाया, हे सगळं होतं तेच आहे. सबनेटिंग काय दर चार वर्षांनी बदलत नाही. पण ईआयजीआरपी, रिप, पीपीपी, बीजीपी हे धडे आता यादीत नाहीत, त्यावर पेन्सिलीनं काट मार. आणि त्या पुस्तकात नसलेलं किंवा नावापुरतंच असलेलं बरंच आलंय, वायरलेस कंट्रोलर, डब्ल्यूपीए३, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन, जेसन, रेस्ट एपीआय, अ‍ॅन्सिबल. १.१ मध्ये पपेट आणि शेफ जाऊन टेराफॉर्म आलं, स्पॅनिंग ट्रीमध्ये रूट गार्ड, लूप गार्ड आलं, आणि एआय, मशीन लर्निंगवर एक ओळ आली. हे नवीन सगळं बहुतेक ‘डिस्क्राईब’वालं आहे, घाबरायचं काम नाही.

पीडीएफवाल्याबद्दल नंतर बोलतो, आता शिफ्ट आहे.


निपाणीकर

अण्णांनी यादीचं सांगितलं ते शंभर टक्के. माझी कथा ऐक म्हणजे पैसे वाचतील.

मी ऑफिशियल सर्ट गाईडचे दोन्ही भाग घेतलो होतो, वेंडेल ओडम यांचं. पुस्तक वाईट नाही, उलट इतकं खोलात कुठलंच जात नाही, प्रत्येक धड्याच्या आधी छोटी क्विझ असते, ती सोडवायची आणि सगळं बरोबर आलं तर धडा वरवर बघून पुढं जायचं अशी सोय केलेली आहे. मी काय केलो, क्विझ सोडलो आणि वाचन धरलो. तीन वेळा वाचलो. तीन रंगांची हायलायटर संपवलो. घरी सगळे म्हणायचे पोरगं अभ्यास करतंय. लॅब मात्र म्हणाल तर आठवड्यातनं एकदा, ती पण व्हिडिओ बघून बघून टाईप केलेली.

पुण्याला जाऊन दिलो. लॅबसारखा प्रश्न आला, दोन स्विच, ट्रंक कर आणि नेटिव्ह व्हीलॅन बदल. कमांड मला माहीत होती. पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते पण माहीत होतं, डाव्या पानावर खाली, पिवळ्या रंगात. पण हाताला सवय नाही, इंटरफेसमध्ये शिरलोच नाही आणि वरनंच टाईप करत बसलो, एरर येतोय आणि का येतोय कळेना. तिथंच पंधरा-वीस मिनिटं गेली. एकूण वेळ १२० मिनिटं असतो आणि मागं जाता येत नाही, एकदा नेक्स्ट दाबलं की तो प्रश्न मेला. मला वाटलेलं शाळेसारखं अवघड ते शेवटी करू. नाय.

नापास. पासिंगला किती लागतात ते सिस्को जाहीर करत नाही, फक्त भागवार टक्के कागदावर देतात. परत बसायचं तर ५ दिवस थांबावं लागतं आणि फी परत पूर्ण. फी ३०० डॉलर, वर टॅक्स, म्हणजे आपल्याकडं ३०,००० च्या आसपास गेलेच समज. घरी सांगताना काय झालं ते विचारू नको, आई म्हणाली एवढ्यात म्हशीचं एक रेडकू आलं असतं.

दुसऱ्या वेळी पुस्तक बंद ठेवलो. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅब म्हणून चॅनल आहे, पूर्ण कोर्स फुकट, दिवसाप्रमाणं धडे लावलेत, सोबत पॅकेट ट्रेसरच्या (कॉम्प्युटरवरच नकली नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) लॅब फाईल आणि पाठांतराची फ्लॅशकार्ड पण देतो. इंग्लिश अगदी संथ आणि स्वच्छ, तुझ्यासारख्याला चालेल. रोज एक धडा, एक लॅब, आणि पुस्तक फक्त अडलं तर उघडायचं. चार महिने. पास.

तेव्हा माझं म्हणणं, दोन भाग घेऊन पगाराला भोक पाडू नको. व्हिडिओ आणि लॅब मुख्य, जुनं पुस्तक अडल्यानडल्याला.


खानापूरचा_पोरगा

अण्णा, निपाणीकर दादा, दोघांना पण थँक्यू. यादी उतरवलो, दुकानातच प्रिंट काढलो, मालक म्हणाले हे काय, म्हटलं कॅमेऱ्याचं कॅटलॉग.

दोन शंका. एक, माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, पॅकेट ट्रेसर चालतंय काय त्यावर? दोन, व्हिडिओ बघताना कळतंय असं वाटतंय पण दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. कालच लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच म्हणून एक बघितलो, तिथं पूर्ण आडवा झालो. इंग्लिशमुळं होतंय की माझं डोकंच तसलं आहे कळेना.


शहापूरची_अक्का

डोकं चांगलं आहे तुझं, डोक्याला काही झालेलं नाही. मी पण सातवीपर्यंत मराठी शाळा, मग हायस्कूलला इंग्लिश माध्यमात टाकलं तेव्हा वर्षभर वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून होते. आता एका नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवतात त्या सेंटरमध्ये, शिफ्ट लीड आहे.

मी काय करायचे सांगते. एक दोनशे पानी वही. प्रत्येक धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि तो धडा मराठीत लिहायचा, म्हणजे शब्द इंग्लिशच, राउटर, स्विच, फ्रेम, पण वाक्य आपलं, जसं आईला समजावून सांगतोय तसं. लिहिताना जिथं पेन अडलं तिथं तुला कळलेलं नाही, तेवढंच परत बघायचं. वेळ लागतो पण दुसऱ्या दिवशी आठवतं. आणि परीक्षेतलं इंग्लिश काही कादंबरीचं नसतं, तेच तेच दीडशे-दोनशे शब्द असतात. ‘विच टू’ विचारलंय की ‘विच’ एवढं मात्र नीट वाचायचं, माझे तिथं गेलेत.

आता लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच. बेळगावात खडे बाजार आहे आणि आमच्या शहापुरात पण खडे बाजार आहे, बरोबर? आता समज पोस्टमनला पत्र आलं, पत्त्यावर लिहिलंय शहापूर, खडे बाजार. त्याच्याकडं दोन सूचना आहेत, ‘बेळगावची पत्रं डावीकडच्या पिशवीत’ आणि ‘शहापूर, खडे बाजारची पत्रं उजवीकडच्या पिशवीत’. पत्र दोन्हींत बसतं की. पण तो कुठली सूचना धरणार? जी जास्त नेमकी आहे ती. राउटर तेच करतो. राउटिंग टेबलमध्ये १०.१.०.०/१६ पण आहे आणि १०.१.१.०/२४ पण आहे, पॅकेट निघालंय १०.१.१.५ ला, तर तो /२४ धरणार, तिरक्या रेघेपुढचा आकडा मोठा तेवढी सूचना नेमकी.

आणि यात एक खोच आहे ज्यावर प्रश्न हमखास काढतात. ओएसपीएफची अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (जेवढी कमी तेवढा त्या रस्त्यावर विश्वास जास्त) ११०, हातानं टाकलेल्या स्टॅटिकची १, म्हणून पोरं म्हणतात स्टॅटिक जिंकणार. पण /१६ स्टॅटिक आहे आणि /२४ ओएसपीएफनं आलाय, तरी /२४ च जिंकतो. डिस्टन्स कधी बघायची, तर दोन्हीकडनं एकच नेटवर्क, एकच मास्क आला आणि टेबलात कुठला ठेवायचा ठरवायचं असेल तेव्हा. आधी नेमकेपणा, मग बाकी भांडण. हे वहीत लिही, मराठीत.

लॅपटॉपचं, मी ४ जीबीवरच केलंय. पॅकेट ट्रेसर चालू असताना ब्राउझर बंद ठेवायचा, बास. सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीच्या साईटवर अकाउंट काढलं की फुकट उतरवता येतं. दुसऱ्या कुठल्यातरी साईटवरनं क्रॅक-बिक घेऊ नको, फुकटच्या वस्तूला क्रॅक कशाला लागतो.

निपाणीकरांचं एक मात्र मला पटत नाही. पुस्तक पूर्ण बाजूला ठेवू नको. व्हिडिओत माणूस बोलत जातो आणि आपण मान डोलवत जातो. पहिला भाग तरी घे, सेकंड हँड मिळाला तर बघ, पण सेकंड एडिशन पाहिजे, २०२४ ची, ती १.१ साठी आहे. दुसरा भाग कुणाचातरी मागून घे. माझ्याकडं टॉड लॅमल यांचं पण होतं, ते वाचायला हलकं, गप्पा मारल्यासारखं लिहितात, झोप येत नाही. काहींना तेच जमतं. दुकानात जाऊन दोन्हीतला सबनेटिंगचा धडा चार पानं वाचून बघ, ज्यातनं कळलं ते तुझं.


निपाणीकर

अक्का, दुकानात उभं राहून वाचायला सीसीएनएची पुस्तकं हिकडं ठेवतंय कोण? ऑनलाईन नमुना पानं बघावी लागतील.

बाकी वहीचं बरोबर आहे.


उद्यमबाग_फिटर

मधेच घुसतो. एवढा खर्च आणि एवढा ताण कशाला, आधी कॉम्प्टियाची नेटवर्क प्लस परीक्षा करून घ्यायची की. सोपी आहे, कंपनीला बांधलेली नाही, एन१०-००९ चालू आहे, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, १०० ते ९०० च्या पट्टीवर ७२० पाहिजेत, हे तरी सरळ सांगतात. आमच्या फौंड्रीत आयटी बघतो तो पोरगा तीच करून आलाय. स्विच सिस्कोचा नाहीच आहे आमच्याकडं, सीसीएनए करून करायचं काय.


तिसरं_गेट

फिटर, तुमचं चुकीचं नाही, पण पोरगा म्हणतोय खर्च एकदाच जमणार. एकदाच करायचा तर आपल्या हिकडच्या जाहिराती बघा, पुणे, बेंगळूर, गोवा कुठलीपण, नेटवर्कच्या पहिल्या नोकरीला सीसीएनए लिहिलेलं असतंय. नेटवर्क प्लस तिकडं अमेरिकेत जास्त चालते. आणि स्विच कुठल्यापण कंपनीचा असो, व्हीलॅन तो व्हीलॅनच. कमांड वेगळी, डोकं तेच. मी आठ वर्षं दुसऱ्याच कंपनीच्या बॉक्सवर काम केलंय.

ज्याला काहीच माहीत नाही त्याला नेटवर्क प्लसचं पुस्तक पहिली पायरी म्हणून बरं आहे, ते मान्य. पण हा पोरगा रोज केबल ओढतोय. पोरा, आठ वायरींचा रंगाचा क्रम सांग न बघता.


खानापूरचा_पोरगा

पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टी५६८बी. हे झोपेत पण येतंय ओ अण्णा.


तिसरं_गेट

बघा. याला पहिल्या भागातले दोन धडे फुकट झालेत. आणखी विचारतो, ग्राहक म्हणतो मोबाईलवर दुकानातले कॅमेरे बघायचेत, तू राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंग करतोस की नाही? ते नॅटच आहे. आतला खासगी पत्ता १९२.१६८ वाला, बाहेरचा पत्ता एक, आणि बाहेरनं अमुक पोर्टला आलेलं आतल्या अमुक यंत्राला द्यायचं. पुस्तकात ‘इनसाईड लोकल, इनसाईड ग्लोबल’ असली नावं बघून पोरं रडतात, तू फक्त म्हण की इनसाईड लोकल म्हणजे डीव्हीआरचा आतला पत्ता आणि इनसाईड ग्लोबल म्हणजे जगाला दिसतो तो. कॅमेऱ्याला वेगळी वायर न ओढता लॅन केबलमधनंच करंट देतोस ते पीओई, ते पण यादीत आहे. तुला पुस्तक कमी लागणार आहे, तुला नावं लागणार आहेत.

आता पीडीएफचं. क्लासवाला म्हणतो त्यात शंभरातले काही प्रश्न खरे निघत असतील, नाही म्हणत नाही. पण परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार आपण मान्य करतो, आणि असलं वापरलेलं कळलं तर सिस्को निकाल रद्द करू शकते, पुढं बसायला बंदी पण घालते. हे झालं कायद्याचं. त्यापेक्षा मोठं म्हणजे त्या पीडीएफमध्ये उत्तरंच चुकीची असतात. कुणीतरी परीक्षेतनं आठवून लिहिलेलं, दुसऱ्यानं अंदाजानं टिक केलेलं. तू पैसे देऊन चुकीचं पाठ करणार.

सरावाचे पेपर पाहिजेत तर पाहिजेतच, पण ते वेगळे. ज्यात प्रत्येक उत्तराखाली हे बरोबर का आणि बाकीचे तीन चूक का हे लिहिलेलं असतं, ते घ्यायचे. पुस्तकासोबत पण येतात. आणि ते शेवटच्या महिन्यात.


शहापूरची_अक्का

पीडीएफवाल्यांना मी मुलाखतीत दोन मिनिटांत ओळखते. प्रमाणपत्र आणतात, मी विचारते एक पीसी पहिल्यांदा चालू झाला आणि दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरला पिंग टाकला, तर पहिली एआरपी, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा, तुझा मॅक पत्ता सांग’ ही हाक, कुणाची होते? सर्व्हरची म्हणतात. ठोकून. अरे सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कात आहे, त्याची एआरपी करून हा काय करणार, एआरपीचा ब्रॉडकास्ट राउटर ओलांडतच नाही. गेटवेची एआरपी होते. हा प्रश्न चुकला तर पुढचे मी विचारतच नाही, चहा घ्या म्हणते.

बरं, दुसरं एक जे कुणी सांगत नाही. परीक्षेचं अकाउंट काढताना नाव आयडीवर आहे अगदी तसंच टाक. आपल्याकडं आधारवर एक, मार्क्स कार्डवर एक, कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं नुसतं इनिशियल, कुठं गावाचं नाव मागं चिकटलेलं. सेंटरवरच्या माणसाला हे समजावत बसायला वेळ नसतो. मी घरनं ऑनलाईन द्यायचं ठरवलं होतं, पण आमच्या गल्लीत करंट जातो म्हणून सेंटरलाच गेले. तू पण सेंटरच बघ, साईटवर शहर टाकलं की जवळचं दाखवतं.

आणि सबनेटिंग. कुठलंपण पुस्तक घे, पण रोज सकाळी चहाच्या आधी पाच गणितं. आत्ता एक देते, आज रात्री करून इथं टाक. एका शाळेला १९२.१६८.१०.०/२४ दिलंय. कॉम्प्युटर लॅबला ६० यंत्रं, स्टाफला २८, कॅमेरे १२, आणि दोन राउटरमधल्या लिंकला २. कमीत कमी वाया घालवून पट्ट्या पाड.


उद्यमबाग_फिटर

अक्का, एआरपीचा प्रश्न आमच्या आयटीवाल्या पोराला विचारलो. गेटवे म्हणाला. नेटवर्क प्लसवाला आहे हं.


शहापूरची_अक्का

पाठवून द्या त्याला, जागा आहे.


खानापूरचा_पोरगा

रात्री अकराला बसलो. कॅमेरे माझा विषय म्हणून आधी कॅमेरेच घेतलो. १२ ला /२८, म्हणजे ० ते १५. मग स्टाफ २८ ला /२७, म्हणजे १६ ते ४७. मग लॅब /२६, ४८ ते १११. लिंक /३० ११२ ते ११५. सगळं बसलं, एक पत्ता वाया नाही, लई खूश झालो.

मग म्हटलं पॅकेट ट्रेसरमध्ये टाकून बघूया. राउटरच्या पहिल्या पोर्टला १९२.१६८.१०.१ आणि /२८ चा मास्क, घेतलं. दुसऱ्या पोर्टला १९२.१६८.१०.१७ आणि /२७ चा मास्क दिलो तर घेईना, १९२.१६८.१०.० हे पहिल्या पोर्टवर ओव्हरलॅप होतंय म्हणतोय. मी शून्य टाकलोच नाही, १७ टाकलोय. बारा वेळा टाईप केलो. पॅकेट ट्रेसर बिघडलंय काय?


तिसरं_गेट

पॅकेट ट्रेसर बरोबर आहे, तू चुकलास, आणि चुकलास ते झ्याक झालं. वाचून हे कधी कळलं नसतं.

/२७ ची पट्टी ३२ ची. ३२ ची पट्टी कुठनंपण सुरू होत नाही, तिचे बांध ठरलेले आहेत, ०, ३२, ६४, ९६ असे. तू म्हणतोस माझी पट्टी १६ ला सुरू झाली, पण १६ ला बांधच नाही. १७ हा पत्ता ३२ च्या हिशेबात ० ते ३१ च्या पट्टीत पडतो, म्हणून राउटर म्हणतोय तुझं नेटवर्क ० आहे, आणि ० ते १५ तू आधीच कॅमेऱ्यांना देऊन बसलायस. तसंच ४८ ला /२६ चा बांध नाही, ०, ६४, १२८, १९२ एवढेच.

म्हणून मोठी पट्टी आधी पाडायची. वाटणीत मोठ्या भावाचं शेत आधी मोजतात की नाही, तसं. मग बांध आपोआप जुळतात.


खानापूरचा_पोरगा

अगगगग. आत्ता पेटली ट्यूब.

लॅब ०/२६, ० ते ६३. स्टाफ ६४/२७, ६४ ते ९५. कॅमेरे ९६/२८, ९६ ते १११. लिंक ११२/३०. ११६ च्या पुढचं सगळं शिल्लक. टाकून बघितलो, चारही घेतले, शो आयपी राउटमध्ये चारही दिसायलेत. स्क्रीनशॉट काढून आतेभावाला पाठवलो, तो म्हणतोय रात्री दीडला कशाला उठवतोस.

आणि ठरवलो. ऑफिशियलचा पहिला भाग नवीन घेणार, दुसरा भाग आतेभाऊ पुण्यात कुणाकडनं तरी बघतो म्हणालाय, जुन्या पुस्तकावर अण्णांनी सांगितल्याप्रमाणं काट मारून ठेवलोय, व्हिडिओ रोज बसमधनं येता-जाता. वही पण आणलो, दोनशे पानी. पीडीएफवाल्याचा आज फोन आलता, फी कमी करतो म्हणाला. उचललो आणि एआरपीचा प्रश्न विचारलो. सर्व्हरची म्हणाला.


शहापूरची_अक्का

हाहाहा. चहा पाजायचा होतास.

गणित बरोबर. आता लिंकच्या दोन राउटरना पत्ते कुठले देणार ते सांग, आणि लॅबच्या यंत्रांना गेटवे कुठला.


खानापूरचा_पोरगा

लिंकला ११३ आणि ११४, ११५ ब्रॉडकास्ट. लॅबचा गेटवे १ ठेवलोय, ६२ पण चालला असता, ६३ चालत नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलंय अक्का, कॅमेरा दिसेना म्हणतंय. जाऊन येतो.